हळदीची कॅसेट

चिमूर तालुक्यात तलावाच्या पाळीला चिकटून बसलेलं बोडीटोला नावाचं मासेमार ढिवरांचं गाव आहे. तिथं कित्येक वर्षांत एकाही पोरीला चंदाबाईच्या गळ्याशिवाय हळद लागली नव्हती. बाकीच्या बायका मागून सूर ओढायच्या, पण पुढं चंदाबाईच. मांडव टाकायचं गाणं, हळद दळायचं गाणं, नवरीच्या मामाची टर उडवणारं गाणं, सगळं तिला ओळीनं पाठ. तिचा आवाज गोड होता असं कुणी शपथेवर सांगणार नाही. खणखणीत मात्र होता. या काठावरून तिनं हाक मारली की त्या काठाला डोंग्यात बसलेला तिचा नवरा मनसाराम दचकायचा. त्याच्याबरोबर मासेही दचकतात आणि म्हणून त्याला जास्त मिळतात, अशी गावात थट्टा चालायची.

मनसाराम अबोल माणूस. घरातलं बोलायचं खातं बायकोकडे आणि ऐकायचं आपल्याकडे, अशी त्यानं लग्न झाल्यापासून वाटणी करून टाकली होती. भूक लागली तरी सांगणार नाही. चंदाबाईनं तोंड बघून ओळखायचं आणि चार शिव्या हासडून ताट पुढं सरकवायचं. त्याचं सुख म्हणाल तर एवढंच होतं, आणि ते सुख आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात चंदाबाईचा गळा बसला. लग्नसराई होती, कुणी मनावर घेतलं नाही. लग्नसराई सरली तरी गळा उठेना. गिळताना दुखायला लागलं, आवाजाला करवतीसारखी खरखर आली. शेवटी नागपूरला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासला आणि मनसारामला बाजूला घेऊन सांगितलं: गळ्यातली आवाजाची पेटी काढावी लागेल. काढली तर बाई जगेल. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घेईल. बोलणं मात्र कायमचं गेलं. आणि पावसाळा उलटेपर्यंत वाट बघितलीत तर मग माझ्याकडे येऊ नका.

मनसारामनं ते कसंबसं चंदाबाईच्या कानावर घातलं, तर ती बाई बाकावर बसल्या बसल्या म्हणाली, "नाई काढत."

"मरशीन."

"मरतो तं मरतो. दुनियेच्या पोट्ट्या माह्या गान्यावर पाटावर बसल्या. माही दामिनी मुकी हळद लावून घेईन का?"

दामिनी त्यांची एकुलती एक. तिचं भद्रावतीकडच्या निकेशशी जुळलं होतं. पण त्या चैत्रात निकेशचे वडील वारले, आणि वर्ष उलटल्याशिवाय त्या घरी मांडव पडणार नव्हता. मनसाराम भद्रावतीला जाऊन हात जोडून आला. जन्मात कुणाकडे काही न मागितलेला माणूस, त्या ओसरीवर उभा राहून "घाई करा" एवढं म्हणायला त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी चहा पाजला आणि नाही म्हणाले. त्यांचंही चुकलं नाही. दुखवट्याच्या वर्षात हळद कशी लावतील?

म्हणजे हळद पुढच्या वैशाखात आणि गळा या आषाढात. मध्ये दुसरा मार्ग नव्हता. चंदाबाई दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून निजायची. मनसाराम रात्रंदिवस तिचा श्वास ऐकत बसायचा.

तोड काढली ती दामिनीनं. "आई, गानी टेप करून ठेवू. माह्या हळदीले तूच म्हनशीन, टेपातून."

चंदाबाई नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, "यानं शब्द द्यावा. टेप शाबूत राहीन असा. मंग काढतो गळा."

मनसारामनं शब्द दिला. त्या क्षणी त्याला तिनं चंद्र मागितला असता तरी त्यानं हो म्हटलं असतं.

चिमूरला बसस्टँडच्या मागं नूरुद्दीनचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कॅसेटी भरून द्यायचा धंदा आता बसत चालला होता, म्हणून अर्ध्या दुकानात त्याच्या पुतण्यानं, मोहसीननं, दोन कॉम्प्युटर मांडून इंटरनेट सुरू केलं होतं. मध्ये प्लायवूडची भिंत. भिंतीच्या अलीकडे काका म्हणायचा कॅसेटच खरी, पलीकडून पुतण्या म्हणायचा कॅसेटची मयत झाली, फक्त काकाला कुणी सांगितलेलं नाही. गिऱ्हाईकाची त्यात फुकट करमणूक व्हायची. पण बायको-पोरीला घेऊन मनसाराम काही करमणुकीला आला नव्हता. त्यानं एका वाक्यात काम सांगितलं आणि दोघांचा वाद तिथंच थांबला.

मग दोघांनी आपापला माल पुढं मांडला. नूरुद्दीनकडे जुना भारी डेक होता आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचा माइक. "देख मनसाराम, कॅसेट हातात ऱ्हायते. तुह्या घरच्या टेपावर वाजते. कोनाले विचारायची गरज नाई."

"हातात ऱ्हायते आन हातातच खराब होते," मोहसीन म्हणाला. "भाऊ, मी कॉम्प्युटरवर घेतो. आवाज एकदम साफ. आन मंग इंटरनेटवर चढवून देतो. फुकटची साइट आहे, तिकडं अमेरिकेत. पॉडकास्ट म्हंतात त्याले. दर हप्त्याले एक गानं टाकू, साऱ्या जगात कोनीबी कवाबी आयकन. इथी दुकान जळलं तरी तिकडं गानं शाबूत."

मनसारामला 'शाबूत' एवढाच शब्द कळला आणि तो त्याला धरून बसला. त्यानं चंदाबाईकडे पाहिलं. ती मान हलवत होती.

"कवाबी? म्हंजे मयतीच्या घरी बी वाजन?"

"वाजवलं तं वाजन," मोहसीन म्हणाला.

"मंग नाई."

बोडीटोल्यात मांडवावाचून हळदीचं गाणं तोंडातून काढत नाहीत. शेतात नाही, जात्यावर नाही, शिकवायला म्हणूनही नाही. पोरी शिकतात त्या मांडवातच. मांडव नसताना ते गाणं म्हटलं की ज्या पोरीच्या नावानं म्हटलं तिची हळद उतरते, तिला संसार लाभत नाही, अशी समजूत. आणि हा पोरगा ते दुनियाभर सोडून द्यायला निघाला होता. चंदाबाईनं तिथल्या तिथं कायदा सांगितला: कॅसेट एकच. ती मांडव पडेपर्यंत वाजवायची नाही. कॉम्प्युटरात काही ठेवायचं नाही. आणि आता इथं म्हणायचं तर आधी मांडव पाहिजे.

"दुकानात मांडव?" नूरुद्दीननं विचारलं.

"हाव."

नूरुद्दीन पाच वक्ताचा नमाजी माणूस. तो उठला, बाजूच्या शाळेच्या आवारातून जांभळीच्या डहाळ्या तोडून आणल्या, चार रिकाम्या खोक्यांना बांधल्या आणि मधोमध माइक ठेवला. दामिनीनं डेकला हळदीचं बोट लावलं. पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं. मोहसीननं काकाला पटवून कॉम्प्युटरचीही वायर जोडली होती. डेकनं दगा दिला तर असावं म्हणून. नंतर मिटवतो, असं कबूल करून.

"बाई, पयले आवाज तपासू द्या," तो म्हणाला. "गानं नका म्हनू. काईबी बोला."

चंदाबाई काहीबाही बोलली. कुणी लक्ष दिलं नाही. मोहसीननं तो तुकडा साइटवर चढतो का तेही जाता जाता बघून घेतलं, आणि मग ती गायला बसली.

ते गाणं मनसारामनं पुढं जन्मभर विसरायचा प्रयत्न केला आणि त्याला जमलं नाही. निम्मा गळा गेलेली बाई सगळी हळद म्हणत होती. मधेच सूर फाटायचा, खोकल्याची उबळ यायची, पदराला लाल डाग पडायचा, की ती दामिनीच्या खांद्याला धरून परत पहिल्यापासून सुरू करायची. मामाची टर उडवताना तर हसलीसुद्धा. शेवटचं गाणं नवरीला पाटावरून उठवायचं. ते संपलं तेव्हा नूरुद्दीननं तोंड फिरवलं होतं आणि उगाच स्क्रू आवळत होता.

मोहसीननं कबूल केल्याप्रमाणे तिच्यासमोर कॉम्प्युटरमधली गाणी मिटवली. नूरुद्दीननं कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन तुकडे मोडले. "आता हिच्यावर कोनी चुकूनबी दुसरं भरू शकत नाई. बस, ओल लागू देजो नको. पावसाळ्यात बुरशी चढते, मंग काई खरं नाई. कोरड्या जागी ठेवजो."

"ठेवतो," मनसाराम म्हणाला.

आठवड्याच्या आत चंदाबाईचा गळा गेला.

तलावाच्या पाळीवरच्या घरात कोरडी जागा कुठली? भिंतींना ओल, कपाटाला ओल, पेटीतल्या कपड्यांना वास. मनसारामनं अख्खं घर डोळ्यांखालून घातलं. कोरडी म्हणावी अशी जागा एकच होती. चुलीच्या वर टांगलेली बांबूची तट्टी. तिथं सुकट ठेवायची, तिथं बियाणं ठेवायचं, तिथं जाळ्याचं सूत ठेवायचं. चुलीचा धूर लागला की कीड नाही, उंदीर नाही, बुरशी नाही. त्याच्या बापानं, आज्यानं जे जे जिवापाड जपलं ते तिथंच जपलं. त्यानं कॅसेट फडक्यात गुंडाळली, फडकं सुतळीनं बांधलं आणि तट्टीच्या मधोमध, जिथं धूर चांगला लागतो तिथं ठेवून दिली.

घर गप्प झालं. चंदाबाई गळ्याच्या भोकावर पांढरं फडकं बांधून वावरायची. काही हवं तर भुईवर तळहात आपटायची. एकदा आपटला तर 'इकडे या', दोनदा तर 'जेवा'. मनसाराम डोंग्यात बसून काठाकडं कान लावायचा, हाक येत नाही हे कळलं तरी लावायचाच. तट्टीकडे नजर गेली की मात्र त्याला उसनं अवसान यायचं. एक गोष्ट तरी आपण धड केली.

वैशाख आला. मांडवाच्या दोन-तीन दिवस आधी त्यानं तट्टीवरून गाठोडं काढलं. फडकं काळं पडून कडक झालं होतं. आतली डबी वितळून वाकली होती. कॅसेटला पोक आलं होतं.

तो तसाच चिमूरला पळाला. नूरुद्दीननं कॅसेट हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि मनसारामकडे नुसतं पाहिलं.

"कुठी ठेवली होती?"

"कोरड्या जागी," मनसाराम म्हणाला. "तूच म्हनला."

नूरुद्दीननं सांगाडा फोडला, फीत काढली, दुसऱ्या कॅसेटीत भरली, बोटानं चाक फिरवून फिरवून सोडवली. डेकमधून जे आलं ते बाईचं गाणं नव्हतं. बुडणाऱ्या माणसाचं तोंड पाण्याबाहेर येतं आणि परत जातं, तसं काहीतरी होतं. मग कचकन आवाज झाला आणि फीत तुटली. त्यानं जोडली. परत तुटली.

"नूरभाऊ, कायबी कर," मनसाराम म्हणाला. तो बाकावरून खाली भुईवर घसरला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. "तिनं माह्या शब्दावर गळा देला गा. माह्या शब्दावर."

नूरुद्दीन तुटलेली टोकं परत जुळवायला बसला.

मनसाराम प्लायवूडच्या पलीकडं धावला. "मोहसीन, तुह्या कॉम्प्युटरात असन. थोडंसं कुठी तरी असन."

"भाऊ, तुमच्यासमोर मिटवलं ना. आन तो कॉम्प्युटरबी गेला, विजेच्या झटक्यानं. हा नवा आहे." मोहसीनचा चेहरा पडला होता. त्या दिवशी आपण हट्ट धरला असता तर, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग तो एकदम खुर्चीत ताठ झाला. "तपासनीचं! बाई पयले बोलल्या होत्या ना, ते मी साइटवर चढवून पायलं होतं. ते गानं नव्हतं, म्हनून मिटवायचं ध्यानातच नाई आलं."

साइट उघडायला लागली आणि भारनियमनानं वीज गेली. मनसाराम दुपारभर काळ्या पडद्यासमोर बसून राहिला. नूरुद्दीननं चहा आणला, तो तसाच थंड झाला. वीज आली, साइट अर्धी उघडून अडकली, परत पहिल्यापासून. मनसारामचा जीव त्या पडद्यावर टांगणीला लागला होता. आणि मग, काहीच ध्यानीमनी नसताना, चंदाबाई बोलली. मनसारामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

गाणं त्यात नव्हतंच. अर्ध्या मिनिटाचं बोलणं, तेवढंच. नूरुद्दीननं ते नव्या कॅसेटवर उतरवून दिलं. या खेपेला त्यानं ती कुठं ठेवायची ते सांगितलं नाही. मनसारामनं ती सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवली.

घरी येऊन त्यानं पहिली कॅसेट चंदाबाईसमोर भुईवर ठेवली. "तुही गानी गेली. माह्या हातानं गेली."

तिनं ती उचलली, उलटी-पालटी केली, वास घेतला. मग मान वर करून चुलीवरच्या तट्टीकडं पाहिलं. तिला सगळं कळलं. तिचं तोंड भराभरा हलायला लागलं. मनसारामला त्यातली एकेक शिवी दिसत होती, इतक्या वर्षांची ओळखीची. पण शिवी द्यायलाही गळा लागतो. भोकातून नुसती हवा फुसफुसत होती.

"मार मले," तो म्हणाला. "बोलता येत नाई तं मार."

तिनं मारलं नाही. त्यानं दुसरी कॅसेट पुढं केली, "एवढंच उरलं" म्हणाला, तर तिनं ती हातानं लोटून दिली आणि पाळीवर जाऊन पाण्याकडं तोंड करून बसली. ती उडी टाकेल या भीतीनं तो मागं मागं गेला आणि चार हात दूर बसून राहिला. दोन दिवस तिनं भुईवर तळहात आपटला नाही. दोन दिवस तोही जेवला नाही. लग्नघर माणसांनी भरलं होतं, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही.

हळदीच्या दिवशी जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव पडला. दामिनी पाटावर बसली. पुढं म्हणायला म्हातारी मंगली होती. तिनं पहिलं गाणं रेटलं, दुसऱ्याच्या मध्यावर तिला कडवं सापडेना. बायकांनी आपापलं काही जोडून पाहिलं, दोघींचे दोन सूर झाले आणि सगळ्याच थांबल्या. दामिनीनं आईकडं पाहिलं.

चंदाबाईनं तोंड उघडलं. गळ्यावरचं फडकं हललं. एवढंच झालं.

मनसाराम मांडवाच्या मेढीला धरून उभा होता. त्याला वाटलं, भुई फाटावी. चंदाबाई उठून त्याच्याजवळ आली आणि त्याच्या छातीवर, सदऱ्याच्या आत कॅसेट होती तिथं, बोटानं टोचलं.

"ते गानं नोहोय," तो म्हणाला.

तिनं परत टोचलं. त्यानं ती घरच्या टेपात घातली आणि खटका दाबला. आधी खरखर. मग ती बोलली, फाटक्या, घोगऱ्या, पण तिच्याच आवाजात:

"हालो... काय बोलू बाप्पा? काईबी? ...ओ दामिनीचे बाबा, तुमी तं सकायपासून उपाशीच हाव. डब्यात भात हाय, सुकटची चटनी हाय. ...पाय, कसा बसला भिताडाले टेकून. दामिने, तुह्या बापाले वाढ व माय. तो मरन, पन मांगनार नाई. ...झालं का? चालू होय का हे?"

खटका पडला. टेप थांबला.

दामिनी पाटावरून उठली.

"उठू नको व पोट्टे!" मंगली ओरडली. "हळद पुरी नाई झाली!"

दामिनी थांबली नाही. हळदीच्या अंगानं ती घरात गेली, ताट भरलं आणि मेढीपाशी येऊन बापासमोर बसली. ताटाच्या काठावर तिच्या बोटांचे पिवळे ठसे उठले होते. मनसारामला तिच्याकडं बघवेना, त्यानं बायकोकडं पाहिलं. चंदाबाई पाटाशेजारी बसली होती, डोळे पदरात होते. तिनं न बघताच भुईवर तळहात आपटला. एकदा. मग पुन्हा एकदा.

मनसारामनं भाताचा घास घेतला. त्याला हळदीची कडू चव लागली होती. त्यानं ताट पुरं संपवलं.